श्रम हीच फी : ‘कमवा आणि शिका’ची मलकापूरपर्यंतची वाट

मलकापूरला लागून पेरीडच्या हद्दीत रयत शिक्षण संस्थेचे प्रा. डॉ. एन. डी. पाटील महाविद्यालय आहे. शाहूवाडी तालुक्यातली शेकडो मुले-मुली पदवीसाठी इथे येतात. इमारती, अभ्यासक्रम, निकाल आणि पारितोषिके यांच्या नोंदी महाविद्यालयाच्या दप्तरात असतात आणि त्या तिथेच शोभतात. या लेखात त्याआधीचा इतिहास सांगायचा आहे. कमावता कमावता शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सामावून घेणारी शिक्षणसंस्था मुळात कशी घडली आणि ती रीत सह्याद्रीच्या कुशीतल्या या गावापर्यंत कोणत्या वाटेने आली, एवढाच त्याचा विषय. ज्यांचे नाव या महाविद्यालयाला आहे, ते एन. डी. सर तरुणपणी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक होते आणि तिथल्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचे प्रमुखही होते. त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका नाही.

घाटाखालचा आणि घाटावरचा तालुका

मलकापूर हे विशाळगड जहागिरीचे ठाणे. पंतप्रतिनिधींचे इथे वास्तव्य असल्याने गावाला बाजारपेठ, वाडे आणि नगरपालिका लाभली. कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता गावातून जातो आणि आंबा घाटातून कोकणात उतरतो. पण पेठ सोडून पाच-दहा किलोमीटर आत गेले की चित्र बदलते. वारणा आणि कडवी या नद्यांच्या काठाला ऊस. वर डोंगरात भात आणि नाचणी. त्याच्याही वर धनगरवाडे. पावसाळ्यात शेतात चिखल आणि घरात चणचण. या तालुक्यातल्या किती तरी घरांचा संसार एके काळी मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालला. ‘पोरगं दहावी झालं की मुंबईला लावून द्यायचं’ हा इथला सरधोपट हिशेब होता. त्यात पोराला शिकायचे नव्हते असे नाही. घराला त्याच्या हातांची आणि पगाराची गरज होती.

शिक्षण आणि पोट यांतली ही ओढाताण मलकापूरची एकट्याची नाही. सबंध बहुजन महाराष्ट्राने ती सोसली. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसभर राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येऊ शकत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ध्यानात घेतली होती. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथले वर्ग सकाळी भरवले जात, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही पदवी घेता यावी. या दोन्ही प्रयत्नांत संस्थेनेच आपले घड्याळ विद्यार्थ्याच्या सोयीने लावले. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. घड्याळ बदलण्यावर ते थांबले नाहीत, खुद्द काम त्यांनी संस्थेच्या आवारात आणले.

कुंभोजचा मुलगा

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचा. शिकायला ते कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे शहर. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून राजर्षी शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले, की तो शिकतो, हे महाराजांनी ओळखले होते. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी साफ नकार दिला. त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. शिक्षणही मॅट्रिकपर्यंत गेले नाही.

पुढची काही वर्षे त्यांनी पोटासाठी नाना उद्योग केले. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, म्हणून ते ‘पाटील मास्तर’ झाले. ओगल्यांच्या काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा माल विकत ते गावोगाव हिंडले. कूपर यांच्या साताऱ्याच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. कामधंदा करणाऱ्या माणसाची रोजची दगदग त्यांना अंगावर घेतल्यामुळे ठाऊक होती आणि लोखंडी नांगर विकता विकता खेड्यातले दारिद्र्यही त्यांनी जवळून पाहिले होते. शिक्षणाची योजना आखताना त्यांना याच अनुभवाचा आधार झाला. फी कुठून आणणार, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यावर सोडला नाही. मुलाकडे पैसे नसतील, पण हात आहेत, हे गृहीत धरून त्यांनी मांडणी केली.

काले ते सातारा : बोर्डिंगची चूल

४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी. कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे बस्तान साताऱ्याला हलले आणि तिथे सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण केले. वेगवेगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहतात, एकमेकांच्या हातचे खातात, ही गोष्ट त्या काळी गांधीजींनाही नवलाची वाटली.

या बोर्डिंगात मुलांनी पाण्याच्या घागरी भरायच्या, धान्य निवडायचे, जात्यावर दळायचे आणि पाळीपाळीने चुलीपुढे बसायचे. आज ज्याच्या हातची भाकरी खाल्ली, त्याला उद्या आपण वाढायचे. जातीचा विटाळ घालवायला तिथे कुणी व्याख्यान दिले नाही, ते काम पाळीच्या यादीने केले. धान्य कमी पडले की गावोगाव मूठ-मूठ धान्य गोळा करण्याची रीत पडली. एवढ्यानेही भागेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकले. बोर्डिंगातल्या मुलांच्या त्या ‘वहिनी’. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात इमारतींचे दाते पुष्कळ सापडतात. गळ्यातले मंगळसूत्र देऊन पोरांना जेवू घालणाऱ्या या बाईंचे ऋण मात्र कुठल्याही कोनशिलेवर मावणार नाही.

हळूहळू काम फोफावले. १९३२ मध्ये पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. त्यानंतर सातारा जिल्ह्यात ५७८ व्हॉलंटरी शाळा निघाल्या. जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती, त्या वाड्या-वस्त्यांवर या शाळा गेल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने साताऱ्यात माध्यमिक शाळा सुरू झाली. ती मोफत होती, निवासी होती आणि ‘कमवा आणि शिका’ तत्त्वावर चालायची.

१९४७ : फीऐवजी घाम

जून १९४७ मध्ये, देश स्वतंत्र व्हायला दोन महिने असताना, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. हायस्कूलपर्यंत श्रम करून शिकणे समजण्यासारखे होते. पण कॉलेज म्हणजे शहरातल्या खाऊन-पिऊन सुखी घरांचा मक्ता, अशी त्या काळची समजूत. तिला या कॉलेजाने पहिल्यांदा हादरा दिला. बी. ए. करणारा मुलगा सकाळी कुदळ घेऊन माती उपसतो आणि त्यानंतर शेक्सपिअर वाचतो, हे दृश्य पाहुण्यांना चमत्कारिक वाटे. मुलांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हते. गावाकडे ती हेच करत आली होती. फरक इतकाच, की गावाकडचे काम पुस्तक हिसकावून घेत होते आणि इथले काम पुस्तक हातात देत होते.

मुलांनी माळरान फोडले, बागा लावल्या, शेती केली, बांधकामावर दगड-माती वाहिली आणि स्वयंपाकघर सांभाळले. त्या श्रमातून राहण्याजेवण्याचा आणि शिक्षणाचा खर्च भागायचा. इथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. काम आणि तासिका यांची सांगड घालण्याची जबाबदारी संस्थेने घेतली होती. कामाचा तास आणि व्याख्यानाचा तास एकमेकांवर आदळणार नाहीत, हे रेक्टर आणि प्राचार्य पाहायचे. मालक आणि गुरुजी एकाच छपराखाली असल्याने ‘काम सोडून वर्गाला कसा जाऊ’ ही पंचाईत मुलापुढे यायचीच नाही. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ ही ओळ आज रयतेच्या प्रत्येक शाळेत दिसते. त्या ब्रीदामागे हे वेळापत्रक उभे आहे.

सगळे सुरळीत चालले, असे नाही. गांधीहत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले आणि शेकडो शिक्षकांचे पगार अडले. तेव्हा गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजाला संस्थेने सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. स्वतः शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव कॉलेजाला देणे, हेही रयतेच्या रीतीला धरूनच होते. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी कर्मवीर गेले.

शाहू बोर्डिंगच्या चुलीपुढे बसलेल्या मुलांपैकी एक म्हणजे पी. जी. पाटील. पुढे ते बॅरिस्टर झाले, छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९७५ ते १९७८ या काळात शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठाची पदवी मलकापूरचा विद्यार्थी घेतो, त्या विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीवर बोर्डिंगात वाढलेला माणूस बसला. ‘काम करणाऱ्या पोराचा अभ्यास होत नाही’ म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर मिळणे कठीण.

एन. डी. सर

नारायण ज्ञानदेव पाटील यांचा जन्म १५ जुलै १९२९ चा, वाळवा तालुक्यातल्या ढवळीचा, शेतकऱ्याच्या घरातला. १९५४ ते १९५७ ही वर्षे ते छत्रपती शिवाजी कॉलेजात होते. वर्गात प्राध्यापक आणि वर्गाबाहेर श्रमाच्या योजनेचे प्रमुख, अशी त्यांची दुहेरी भूमिका होती. अर्थशास्त्र शिकवायचे आणि कामाची वाटणीही करायची. तेव्हा कर्मवीर हयात होते, त्यामुळे ही योजना त्यांना पोथीतून शिकावी लागली नाही. १९५९ पासून ते संस्थेच्या मॅनेजिंग कौन्सिलवर आले. १९६० मध्ये इस्लामपूरच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजचे प्राचार्य झाले. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, आमदार आणि १९७८ ते १९८० या काळात राज्याचे सहकारमंत्री अशी त्यांची सार्वजनिक कारकीर्द झाली. १९९० पासून अनेक वर्षे ते संस्थेचे चेअरमन होते.

सर विधिमंडळात असोत की रस्त्यावर, शिक्षणाचा बाजार मांडण्याला त्यांनी कायम विरोध केला. तो भावनेच्या भरातला नव्हता. श्रम करून शिकलेली पिढी त्यांनी डोळ्यांसमोर घडताना पाहिली होती आणि फीची भिंत उंच झाली की सर्वांत आधी कोण बाहेर राहतो, हे त्यांना नेमके माहीत होते. १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यातल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव असणे म्हणूनच उचित आहे. इथे येणाऱ्या मुलांची परिस्थिती सरांच्या ओळखीचीच होती.

पेरीडचा आजचा कमावता विद्यार्थी

साताऱ्याची योजना आणि आजचे मलकापूर यांत एक मोठा फरक पडला आहे. त्या वेळी काम आवारात होते, आज ते आवाराबाहेर आहे. महाविद्यालयांमधून ‘कमवा आणि शिका’ अजूनही चालते. ग्रंथालयात पुस्तके लावणे, प्रयोगशाळेची मदत, बाग, कार्यालयातली नोंदवही अशी कामे विद्यार्थ्यांना मिळतात. शिवाजी विद्यापीठानेही कोल्हापुरात ही योजना जपली आहे. पण अशा कामांच्या जागा मोजक्याच असतात. बाकीचे विद्यार्थी आपापले काम बाहेर शोधतात.

आमच्याकडच्या विद्यार्थ्याचा दिवस पाहा. पहाटे उठून म्हशीची धार काढायची आणि दूध संस्थेत घालायचे. फॅट लागली का, दर काय बसला, ते पुस्तकात लिहून घ्यायचे. मग गावातून येणारी पहिली एसटी धरायची. ती चुकली की पहिली तासिका गेली. दुपारी कॉलेज सुटले की कुणी पेठेतल्या कापड दुकानात उभा राहतो, कुणी मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसतो, तर कुणी पेट्रोल पंपावर संध्याकाळची पाळी घेतो. शनिवार-रविवारी आंब्याच्या हॉटेलांत पर्यटकांची गर्दी असते, तिथे वाढप्याचे काम मिळते. लग्नसराईत केटरिंगवाल्याबरोबर जायचे. पावसाळ्यात भाताची रोपलावण आली की चार-आठ दिवस वर्गाचे तोंड दिसत नाही. काही जण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी करतात आणि परीक्षेपुरते गावी येतात. मुलींच्या वाट्याला आणखी एक पाळी येते. शिवणकाम, शिकवणी किंवा दुकानातले काम करून घरी गेल्यावर चूल आणि गोठा त्यांचीच वाट पाहत असतो. त्यांच्या या कामाला कुणी नोकरी म्हणत नाही आणि त्याचा पगारही कुणी देत नाही.

पूर्वी वर्षाची एकच परीक्षा असायची. वर्षभर राबणारा मुलगा शेवटचे दोन महिने सुट्टी काढून, रात्री जागून कसेबसे निभावून न्यायचा. सत्र पद्धत आल्यापासून वर्षात दोन परीक्षा, त्यात अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, सादरीकरण आणि ७५ टक्के हजेरी. नियमित येणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धत हिताची आहे. कामावर जाणाऱ्याचा मात्र ती श्वास कोंडते. त्याची हुशारी कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला श्रेयांक दिले, हे चांगलेच झाले. पण तीन-तीन वर्षे दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्या मुलाचा अनुभव अजून त्या चौकटीत सहज बसत नाही. वाणिज्य शाखेच्या पुस्तकातला जमाखर्च तो रोज संध्याकाळी प्रत्यक्ष करतो. त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

ज्यांना रोज वर्गात येणे जमतच नाही, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून नोकरदारांनी, गृहिणींनी आणि मध्येच शाळा सोडलेल्यांनी त्यातून पदव्या घेतल्या आहेत. पण वर्गाबाहेरून मिळवलेल्या पदवीने ग्रंथालयाचा कोपरा, शिक्षकाची ओळख आणि सोबत्यांच्या गप्पा मिळत नाहीत. खेड्यातल्या मुलाला पहिल्यांदा बाहेरचे जग दिसते ते कॉलेजात. तेवढ्यासाठी तरी तो आवारात टिकला पाहिजे.

आता आपली पाळी

कर्मवीरांच्या योजनेचे सार आज काय घ्यायचे? माळ फोडायला आता जागा नाही आणि विद्यार्थ्यांकडून बांधकाम करून घेण्याचे दिवसही गेले. घेण्यासारखी गोष्ट एकच आहे : काम आणि अभ्यास यांचा मेळ घालण्याचे ओझे एकट्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर टाकायचे नाही. संस्थेने त्यातला आपला वाटा उचलायचा. कामावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद प्रवेशाच्या वेळीच करून ठेवता येईल. त्यांच्यासाठी सकाळच्या तासिका एकत्र बसवता येतील. प्रकल्पाचा विषय त्यांच्या कामाच्या ठिकाणाशी जोडता येईल. रोपलावणीच्या आठवड्यात अंतर्गत चाचणी न ठेवणे, एवढे तरी नक्की जमेल. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. विचारपूर्वक केलेले वेळापत्रक पुरते.

मलकापूर पेठेतल्या व्यापाऱ्यांकडे, आंब्याच्या हॉटेलवाल्यांकडे आणि दूध संस्थांच्या पदाधिकाऱ्यांकडेही एक मागणे आहे. तुमच्याकडे काम करणारा मुलगा कॉलेजात शिकत असेल, तर परीक्षेच्या आठवड्यात त्याला पगार न कापता सुट्टी द्या आणि रोज तासिकेच्या वेळेत त्याला अडकवून ठेवू नका. तुमच्यापैकी कित्येक जण याच तालुक्यात असेच राबून शिकले आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज नोकरीत स्थिरावले आहेत, त्यांनी आपल्या कचेरीत, कारखान्यात किंवा दुकानात एका शिकणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी अर्धवेळेची एक जागा ठेवावी आणि तसे महाविद्यालयाला कळवावे. या स्मरणिकेच्या निमित्ताने अशा पाच-पंचवीस जागांची यादी जरी तयार झाली, तरी एन. डी. सरांच्या नावाला साजेसे काम आपल्या हातून झाले असे म्हणता येईल.